डब्ल्यूएसजेटी-एक्स: सोलापुरातून १३७ किलोहर्ट्झ ऐकायला शिकताना

हॅम रेडिओवरचे, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांचे, अतिशय क्षीण डिजिटल सिग्नल वाचायचे असतील, तर आज बहुतेक हॅम ज्याच्यावर विसंबतात ते सॉफ्टवेअर म्हणजे डब्ल्यूएसजेटी-एक्स. फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. मी ते मुख्यतः एका कामासाठी वापरतो: ६३० मीटर आणि २२०० मीटर, म्हणजे ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ आणि १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ, या दोन चिंचोळ्या पट्ट्यांवर कान लावायला. या पट्ट्यांवर मी फक्त ऐकतो, प्रक्षेपण करत नाही. हा अभिप्रायही ऐकणाऱ्याचाच समजा.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. आजूबाजूला टॉवेलचे आणि चादरीचे कारखाने. एनामल वायर, गेज, वेढे, वार्निश यांत आयुष्य गेलं, त्यामुळे अँटेनाचं कॉइल गुंडाळायची भीती नव्हती. अडचण वेगळीच होती. भाच्याने पहिल्याच रात्री ती विचारली: "मामा, स्पीकरमधून नुसती खरखर येतेय. आवाजच नाही तर डिकोड काय करणार?"

प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर या सॉफ्टवेअरच्या मुळाशी आहे. पडद्यावर सिग्नलचा जो डेसिबल आकडा दिसतो, तो २५०० हर्ट्झ रुंदीतल्या सगळ्या गोंगाटाच्या तुलनेत मोजलेला असतो. उणे ३० म्हणजे सिग्नलची शक्ती गोंगाटाच्या हजाराव्या हिश्शाइतकी. पण डब्ल्यूएसपीआर या मोडचा, म्हणजे क्षीण सिग्नल पाठवायच्या एका डिजिटल पद्धतीचा, सिग्नल जागा घेतो जेमतेम ६ हर्ट्झ. तेवढ्याच फटीतून पाहिलं की बाकीचा गोंगाट बाहेर राहतो आणि हजारास एक हे प्रमाण एकदम आवाक्यात येतं. त्यात संदेश छोटा: कॉलसाइन (केंद्राचं सांकेतिक नाव), ग्रिड (त्याच्या जागेचा छोटा संकेत) आणि पॉवर मिळून फक्त ५० बिट. ते सांगायला जवळपास १११ सेकंद घेतले जातात आणि चुका दुरुस्त करणारे जादा बिटही सोबत पाठवलेले असतात. सिग्नल सावकाश, अरुंद आणि आधी ठरलेल्या वेळी येतो. कानाला यातलं काही जमत नाही, गणिताला जमतं.

हे गणित बसवणारा माणूसही याच कामात मुरलेला आहे. जो (जोसेफ) टेलर हे प्रिन्स्टन विद्यापीठाचे खगोलशास्त्रज्ञ. रसेल हल्स यांच्याबरोबर १९७४ साली त्यांनी जोडीने फिरणारा पल्सार (ठरावीक ठोक्यांनी रेडिओ लहरी पाठवणारा तारा) शोधला आणि १९९३ साली दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आकाशातून येणारे क्षीण ठोके गोंगाटातून वेगळे काढण्यात ज्याची हयात गेली, त्याने २००१ साली हॅम लोकांसाठी डब्ल्यूएसजेटी लिहिलं आणि २००८ साली डब्ल्यूएसपीआर आणलं. पुढे २०१७ साली स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत एफटी८ हा झटपट चालणारा मोड आला. मला याचं फार अप्रूप आहे. इतक्या मोठ्या माणसाचं काम माझ्या दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि त्यासाठी कुणी एक रुपया मागत नाही.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने यातली सगळ्यात मोलाची सोय मेनूत हेल्पखाली दडली आहे: नमुना फाइली उतरवून घेण्याची. अँटेना नको, रिसीव्हर नको. फाइल उघडली की खऱ्या सिग्नलचं रेकॉर्डिंग वॉटरफॉलवर (वरून खाली सरकणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या चित्रावर) दिसतं आणि डिकोड झालेल्या ओळी बाजूला उमटतात. एफटी८ पासून लो फ्रिक्वेन्सीच्या एफएसटी४डब्ल्यू या मोडपर्यंतचे नमुने आहेत. भाच्याला मी आधी आठवडाभर याच फाइलींवर बसवलं. कुठली रेघ कुठल्या ओळीची, बारीक रेघ असूनही डिकोड का होते आणि जाड पांढरा पट्टा असूनही का होत नाही, हे डोळ्यांत बसलं पाहिजे. सोबतचं मॅन्युअल इंग्रजीत आहे, पण शब्द मोजून वापरलेलं आणि अचूक. इतकं प्रामाणिक मॅन्युअल मी कुठल्याच यंत्राबरोबर पाहिलेलं नाही.

आता खटकणारी गोष्ट. डिकोड झालं नाही तर हे सॉफ्टवेअर कारण सांगत नाही. पडदा नुसता रिकामा राहतो. घड्याळ चुकलंय, आवाजाची पातळी चुकलीय, डायल (लावलेली फ्रिक्वेन्सी) चुकलाय, की खरंच सिग्नल नाहीये, चारही वेळा रिकामा पडदा सारखाच दिसतो. नवीन माणूस इथेच सोडून देतो. माझ्या मते शिकणं म्हणजे ही चार कारणं एकमेकांपासून वेगळी करता येणं, आणि ते सॉफ्टवेअर शिकवत नाही, आपल्यालाच शिकावं लागतं.

घड्याळापासून सुरुवात करा. डब्ल्यूएसपीआरचं प्रक्षेपण प्रत्येक सम मिनिट उलटून एक सेकंद झाला की सुरू होतं, आणि संगणकाचं घड्याळ एका सेकंदाच्या आत बरोबर हवं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम सर्व्हर आहे, त्याच्याशी घड्याळ जुळवलं की काम होतं. आपली वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे, म्हणजे ३३० मिनिटं. ३३० सम आहे, त्यामुळे यूटीसीचं सम मिनिट ते आपलंही सम मिनिट. इतकंच नाही, पुढे सांगितलेल्या अर्ध्या तासाच्या प्रक्षेपणाची सुरुवातही आपल्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळते. तारीख आणि वेळ तेवढी यूटीसीत वाचायची सवय लावावी लागते.

मग आवाजाची पातळी. सिग्नल नसताना खिडकीतला मीटर ३० डेसिबलच्या आसपास हवा. रिसीव्हरच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन बंद, विंडोजची आवाज सुधारणारी सगळी कलाकुसर बंद. कानाला गोड वाटणारी प्रत्येक गोष्ट डिकोडरच्या वाटेत येते.

आणि मग गोंगाट. सोलापुरात याच्याशीच खरी झुंज आहे. जुन्या पॉवरलूमच्या साध्या इंडक्शन मोटारींचा रेडिओला फारसा त्रास नाही. त्रास देतात ते नव्या मागांवरचे स्पीड ड्राइव्ह, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर आणि मोबाइलचे स्वस्त चार्जर. यांच्यातलं स्विचिंग काही किलोहर्ट्झपासून शंभरेक किलोहर्ट्झपर्यंत चालतं आणि त्याच्या पटी नेमक्या आपल्या पट्ट्यांत येऊन बसतात. वॉटरफॉलवर त्या समान अंतरावरच्या उभ्या पट्ट्यांसारख्या दिसतात, आणि ड्राइव्हचा लोड बदलला की हळूहळू सरकतात. हॅमचा सिग्नल असा सरकत नाही. हा फरक एकदा ओळखता आला की अर्धा गोंधळ मिटतो. रात्री लाईट गेली की मी लॅपटॉप बॅटरीवर ठेवून लगेच वॉटरफॉल बघतो. सगळा परिसर गप्प झालेला असतो, आणि आपल्या गोंगाटात गल्लीचा वाटा किती होता हे तेव्हा उघड दिसतं.

उपाय म्हणून लूप अँटेना बांधली. पीव्हीसी पाइपची एक मीटर चौरस फ्रेम, तिच्यावर एनामल वायरचे थोडं अंतर सोडून सुमारे १० वेढे, आणि जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला गँग कंडेन्सर (फिरवून कमी-जास्त करता येणारा). ४७५ किलोहर्ट्झला एवढ्यावर ट्यून होते. १३७ ला तोच कंडेन्सर पुरत नाही, समांतर काही हजार पिकोफॅरडचे कंडेन्सर लावावे लागतात, कारण फ्रिक्वेन्सी साडेतीन पट खाली गेली की कपॅसिटन्स बारा पट लागतो. सिग्नल जोरात यावा म्हणून लूप बांधत नाहीत. तिला एक बहिरी दिशा असते. गोंगाट करणाऱ्या शेडकडे फ्रेमचं सपाट तोंड केलं की तो गोंगाट पुष्कळ खाली बसतो. यूएसबीच्या वायरीवर आणि सप्लायच्या वायरीवर फेराइट रिंगमधून वेढे घेतले, तेव्हा उरलेल्या गोंगाटातला बराचसा भाग माझ्याच लॅपटॉपचा होता हे कळलं. बोरामणीच्या बाजूला पाहुण्यांचं शेत आहे. हिवाळ्यात तिथे फ्रेम आणि बॅटरी घेऊन गेलो की वॉटरफॉल काळाभोर दिसतो. वळवाच्या दिवसांत मात्र शेत काय आणि शहर काय, विजांचा कडकडाट शेकडो किलोमीटरवरून येतो.

विजांसाठी सॉफ्टवेअरमध्ये एक छान सोय आहे. एफएसटी४ आणि एफएसटी४डब्ल्यू या मोडमध्ये नॉइज ब्लँकरची टक्केवारी देता येते, म्हणजे सगळ्यात मोठे झटके किती टक्के कापायचे ते. उणे आकडा दिला तर तो स्वतःच वेगवेगळ्या टक्केवाऱ्या लावून पाहतो. जुन्या लॅपटॉपला थोडा वेळ लागतो, पण मे महिन्यात याचा उपयोग होतो.

कुठून कुठे जावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. सरळ १३७ वर जाऊ नका. आधी ४० मीटरवर, डायल ७.०७४ मेगाहर्ट्झवर एफटी८ लावा. दर १५ सेकंदांना ओळी येतात, त्यामुळे घड्याळ आणि पातळी बरोबर आहे की नाही ते लगेच कळतं. तिथे मन बसलं की ७.०३८६ वर डब्ल्यूएसपीआर. इथे संयम लागतो आणि एक सावधपणाही. डब्ल्यूएसपीआरच्या संदेशात सीआरसीची (संदेश बरोबर आला का हे तपासणाऱ्या बिटांची) पडताळणी नसते, त्यामुळे क्वचित गोंगाटातूनच एखादी खोटी ओळ छापली जाते. कॉलसाइन कुठल्याच देशाचं वाटत नाही, ग्रिड भर समुद्रात निघतो. अशी ओळ आली की दूरची शिकार मिळाली म्हणून हुरळू नये, पुढच्या काही पाळ्यांत ती पुन्हा येते का बघावं. एफएसटी४डब्ल्यूमध्ये २४ बिटांची पडताळणी आहे, तिथे खोटं छापून येणं फारच विरळा.

एफएसटी४डब्ल्यू २०२१ च्या आवृत्तीत आलं आणि ते खास या खालच्या पट्ट्यांसाठी बांधलंय. १२०, ३००, ९०० आणि १८०० सेकंदांच्या पाळ्या आहेत. १८०० मध्ये एकच ओळ अर्धा तास चालते, सिग्नलची रुंदी अर्ध्या हर्ट्झहूनही कमी, आणि उणे ४५ डेसिबलच्या जवळपास सुद्धा डिकोड होतं. म्हणजे गोंगाटाच्या सुमारे तीस हजाराव्या हिश्शाइतका सिग्नल. एवढ्या खाली का जायचं, तर २२०० मीटरवर पाव तरंगलांबीचा उभा खांब अर्धा किलोमीटर उंच लागेल. लोक परसातल्या वायरीवर प्रक्षेपण करतात, बहुतेक ऊर्जा तांब्यात आणि जमिनीत उष्णता होऊन जाते, आणि आंतरराष्ट्रीय नियमानेही प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती १ वॅटपर्यंतच.

अर्ध्या हर्ट्झच्या सिग्नलसाठी रिसीव्हर किती स्थिर हवा, याची धास्ती बाळगू नका. दशलक्षात अर्ध्या भागाची चूक १४ मेगाहर्ट्झवर ७ हर्ट्झ होते, १३७ किलोहर्ट्झवर ती ०.०७ हर्ट्झ होते. चांगल्या टीसीएक्सओचा (तापमान बदललं तरी स्थिर राहणाऱ्या क्रिस्टलचा) एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर, इथे चालतो. मी एसडीआरप्ले आरएसपी१ए वापरतो, तो अगदी १ किलोहर्ट्झपासून ऐकतो.

खरं सांगायचं तर १३७ च्या ओळी मला माझ्या लूपवर नाही, नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाच्या वेबएसडीआरवर मिळाल्या. पीटर-त्यार्क दे बूर यांनी चालवलेला हा रिसीव्हर कुणालाही ब्राउझरमधून वापरता येतो, आणि शून्यापासून २९ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो. तिथली अँटेना म्हणजे छपरावरचा एक लहानसा मिनी-व्हिप, हे मला फार धीर देणारं वाटलं. डायल १३६.० किलोहर्ट्झ, यूएसबी (इथे अप्पर साइडबँड, वायर नव्हे), ऑटोनॉच (एकसुरी आवाज कापणारी सोय) बंद, आणि ब्राउझरचा आवाज व्हीबी-केबल या सॉफ्टवेअरच्या आभासी वायरीमधून डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये. युरोपातली हिवाळी मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. स्पीकरमध्ये काहीही नसताना पडद्यावर ओळ उमटली, तेव्हा भाचा खुर्चीतून उठून उभा राहिला.

इथे डीटीचा, म्हणजे ठरलेल्या वेळेपासून सिग्नल किती सेकंद मागे-पुढे आहे त्याचा, रकाना वाचायला शिका. इंटरनेटच्या उशिरामुळे सगळ्याच ओळींचा डीटी सारखा पुढे सरकलेला दिसतो. एकाच ओळीचा वेगळा असेल, तर त्या माणसाचं घड्याळ चुकलंय. सगळ्या ओळी एकत्र सरकत असतील, तर उशीर आपल्या बाजूचा. हा एक रकाना दहा प्रश्नांची उत्तरं देतो.

तक्रारी आहेत. खिडकीत इतकी बटणं आणि रकाने दाटले आहेत की लहान पडद्यावर अक्षरं वाचताना माझ्या वयाच्या डोळ्यांना त्रास होतो. कुठल्या मोडला कुठलं बटण लागू आहे हे मॅन्युअल उघडल्याशिवाय कळत नाही. मराठी नाही, हिंदीही नाही. भाच्यासाठी मी वहीत मराठीतून क्रम लिहून काढला: घड्याळ, मीटर, डायल, मोड, पाळी, मग अँटेना. पडदा रिकामा असला की तो वरून खाली जातो, आणि अँटेनाला हात लावायची वेळ क्वचितच येते.

हे सॉफ्टवेअर कुणी घ्यावं? ज्याला अर्धा तास थांबून एका ओळीचा आनंद होतो, त्याने. शाळा-कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी नमुना फाइली तरी जरूर उघडाव्यात. बँडविड्थ म्हणजे काय हे फळ्यापेक्षा तिथे लवकर समजतं. माणसांशी बोलायची ओढ असेल, तर मात्र ४० मीटरवर माइक हातात घेऊन या. तिथे मीही असतो.