स्लोप डिफ्लेक्शन की मोमेंट डिस्ट्रिब्युशन?
सलग तुळई (दोनपेक्षा जास्त आधारांवरची) हाताने सोडवताना, म्हणजे तिच्यातील बले व मोमेंट काढताना, कोणती पद्धत घ्यावी, हा प्रश्न स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हमखास पडतो. जॉर्ज मॅनी यांच्या 1915 मधील स्लोप डिफ्लेक्शनमध्ये सांध्यांची वळणे अज्ञात धरून समीकरणे एकत्रितपणे सोडवावी लागतात. अज्ञाते तीनच्या पुढे गेली की आकडेमोड जड होते आणि एक चिन्ह चुकले तरी सगळी उत्तरे बिघडतात. हार्डी क्रॉस यांनी 1930 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोमेंट डिस्ट्रिब्युशनमध्ये सांध्यावरचा असंतुलित मोमेंट (वळवणारा बलाचा परिणाम) तिथे जुळणाऱ्या भागांत त्यांच्या स्टिफनेसच्या (वळण्याला होणाऱ्या विरोधाच्या) प्रमाणात वाटतात, एकसमान छेदाच्या तुळईत त्याचा निम्मा भाग दूरच्या आबद्ध (वळू न शकणाऱ्या) टोकाला नेतात आणि फेरीगणिक असमतोल घटत जातो, हे मला तिचे खरे सामर्थ्य वाटते. खांब-तुळयांची चौकट बाजूला सरकत असल्यास मात्र तिथे वेगळे गणित जोडावे लागते. म्हणून अनेक गाळ्यांच्या (आधारांमधील भागांच्या) तुळईसाठी क्रॉस यांची पद्धत घ्यावी. सरकणाऱ्या साध्या चौकटीसाठी, किंवा पुढे संगणकासाठीची स्टिफनेस मॅट्रिक्स पद्धत शिकायची असल्यास, स्लोप डिफ्लेक्शन घ्यावी.