आइसलँड: मिनीबसची सहल, मोठी बस की भाड्याची गाडी?

आइसलँडचं विमान आणि हॉटेल ठरतं, मग गाडं अडतं ते फिरायचं कसं यावर. राजधानी रेक्याविकमध्ये मुक्काम करून रोज बाहेर पडायचं तर तीन पर्याय असतात: पंधरा-एकोणीस जणांची मिनीबस, पन्नास-साठ जणांची मोठी बस, नाहीतर भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवणं. बहुतेक जण आधी दर बघतात. तो शेवटी बघावा. जायचा महिना कोणता आणि रेक्याविकपासून किती लांब जायचंय, हे ठरलं की निम्मा निर्णय झालेला असतो.

मिनीबस आणि मोठी बस: फरक मिनिटांचा

लहान गट म्हणजे आराम, असं समजून लोक जास्त पैसे मोजतात. खरं तर आराम मोठ्या बसमध्ये अधिक असतो: सीट रुंद, काचा मोठ्या, धक्के कमी. मिनीबसच्या मागच्या रांगेत चाकावरचे हादरे बसतात, आणि ओले जाकीट घातलेले सोळा जण आत शिरले की काचांवर वाफ धरते. जास्तीचे पैसे जातात ते वेळेसाठी.

स्कोगाफॉस धबधब्यापाशी अर्ध्या तासाचा थांबा आहे असं धरा. पन्नास जण उतरताना प्रत्येकाला सहा सेकंद लागले तरी शेवटच्याचा पाय जमिनीला लागेपर्यंत पाच मिनिटं जातात. चढताना त्याहून जास्त, कारण रेनकोट निथळत असतो, बुटांना चिखल असतो, गाइड डोकी मोजत असतो आणि एक-दोघं अजून स्वच्छतागृहाच्या रांगेत असतात. पाच थांब्यांच्या दिवसात हा हिशेब एक तासाच्या आसपास जातो. मिनीबसमध्ये हेच काम दोन-तीन मिनिटांत उरकतं. शिवाय ढग फाटून ऊन आलं तर चालक वाटेत गाडी थांबवू शकतो, किंवा एका ठिकाणी गर्दी दिसली तर थांब्यांचा क्रम फिरवू शकतो.

एक बाजू मात्र मोठ्या बसची आहे. मिनीबसमध्ये बहुधा चालक हाच गाइड असतो. वादळी वारा सुटला की तो रस्त्याकडे बघणार आणि माहिती सांगणं थांबवणार, आणि तेच योग्य आहे. मोठ्या बसमध्ये अनेकदा गाइड वेगळा असतो. इतिहास नीट ऐकायचा असेल तर हे आधी विचारून घ्या.

गोल्डन सर्कल: इथे मोठी बस चालते

गोल्डन सर्कल म्हणजे थिंगव्हेलिरची दरी, गेसिरचे उष्ण झरे आणि गुल्फॉस धबधबा ही फेरी, साधारण अडीचशे किलोमीटरची. रस्ता डांबरी, वाहनतळ मोठे, आणि प्रत्येक ठिकाणी आपलं आपण चालायचं असतं. गेसिरचा स्ट्रोकुर हा उष्ण पाण्याचा फवारा दर पाच-दहा मिनिटांनी उडतो, त्यामुळे चाळीस मिनिटांच्या थांब्यातही तो चार-पाच वेळा दिसतो. गुल्फॉस 11 आणि 21 मीटरच्या दोन टप्प्यांत कोसळतो आणि वरच्या कठड्यावरून दोन्ही टप्पे नजरेत येतात. इथे मिनीबससाठी जास्त पैसे देण्यासारखं फारसं काही नाही. इसवी सन 930 मध्ये जिथे आइसलँडची संसद, आल्थिंग, पहिल्यांदा भरली त्या थिंगव्हेलिरच्या भेगेतून सावकाश चालायचं असेल, तरच लहान गट घ्यावा.

दक्षिण किनारा: इथे मिनीबसच

सेल्यालान्सफॉस धबधबा 60 मीटर उंचीचा आहे आणि उन्हाळ्यात त्याच्या मागून चालत जाता येतं. त्यासाठी फक्त जाकीट पुरत नाही, पावसाळी पँटही लागते. नाहीतर पुढचे सहा तास ओल्या कपड्यांत बसावं लागतं. हिवाळ्यात तिथे बर्फ साठतो आणि ती पायवाट अनेकदा बंद असते.

रेनिस्फ्याराच्या काळ्या किनाऱ्यावर गटाचा आकार हा सुरक्षेचा प्रश्न होतो. पाच-सहा लाटा लहान येतात आणि मग एक लाट अचानक कितीतरी आत घुसते, पाय उखडते आणि माणसाला ओढून नेते. तिथे माणसं दगावली आहेत. वाटेवरचा इशाऱ्याचा दिवा लाल असेल तर वाळूवर उतरायचंच नाही. नसेल तरीही समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. पंधरा जणांवर एका गाइडची नजर राहते, पन्नासांवर राहत नाही.

हिमनदीवर चालणं सहलीत असेल तर एक गोष्ट खोदून विचारा. ‘लहान गट’ हा शब्द गाडीपुरता असू शकतो. बर्फावर दोन गाड्यांचे लोक एकत्र केले जातात. तेव्हा प्रश्न असा हवा: बर्फावर एका गाइडमागे जास्तीत जास्त किती जण? क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे, कंपनी देते, पण घोटा झाकणारे बूट आपले असावे लागतात किंवा भाड्याने घ्यावे लागतात. नैसर्गिक बर्फगुहा साधारण नोव्हेंबर ते मार्च हाच काळ धरून बघाव्यात. ऑगस्ट 2024 मध्ये ब्रेइदामेर्कुरयोकुल हिमनदीवर बर्फ कोसळून सहलीतला एक पर्यटक मृत्युमुखी पडला. उन्हाळ्यात बर्फ आतून वितळत असतो.

योकुल्सारलोन हे हिमनगांचं सरोवर रेक्याविकहून सुमारे 370 किलोमीटरवर आहे. ते एका दिवसात दाखवणाऱ्या सहली चौदा-पंधरा तासांच्या असतात आणि त्यातले नऊ-दहा तास सीटवर जातात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रेक्याविकला सूर्य सव्वाअकराच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनला मावळतो, म्हणजे जाता-येता बहुतेक वाट अंधारात कापायची. हिवाळ्यात हे सरोवर बघायचं असेल तर दोन दिवसांची, मुक्कामाची मिनीबस सहल घ्या. एका दिवसाची घेऊच नका.

स्वतः गाडी चालवणं

जून ते ऑगस्ट, तीन-चार माणसं आणि हातात आठ-दहा दिवस असतील तर गाडीला तोड नाही. देशाला वळसा घालणारा रिंग रोड 1322 किलोमीटरचा आहे. सात दिवसांत होतो, पण धावपळ होते. खर्च काढताना भाडं, विमा, इंधन आणि वाहनतळाचं शुल्क एकत्र करून माणसांनी भागा आणि मगच सहलीच्या तिकिटाशी तुलना करा. एकट्याला गाडी क्वचितच परवडते.

वाहतूक उजवीकडून चालते. शहराबाहेर डांबरी रस्त्यावर कमाल वेग ताशी 90, खडीच्या रस्त्यावर 80. डांबर संपून खडी सुरू होते तिथे वेग कमी केला नाही की गाडी घसरते आणि उलटते. एकेरी पुलावर आधी पोचलेली गाडी आधी जाते. ‘एफ’ अक्षराने सुरू होणाऱ्या डोंगरी रस्त्यांवर फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी न्यायची, आणि नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर तो खर्च विमा सहसा देत नाही. माणूस नसलेल्या पेट्रोलपंपावर कार्डाचा पिन लागतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक दार उघडताना होते. वाऱ्याकडे पाठ करून गाडी उभी केली आणि दार सैल सोडलं, की वारा ते पुढच्या बाजूला मुडपून बिजागरीच वाकवतो. हे नुकसान बहुतेक विम्यांत बसत नाही. गाडीचं नाक वाऱ्याकडे ठेवा, एकेक दार दोन्ही हातांनी धरून उघडा आणि दोन्हीकडची दारं एकाच वेळी उघडू नका.

हिवाळ्यात मात्र बर्फावर गाडी चालवायची सवय नसेल तर हा पर्याय बाजूला ठेवा. खिळ्यांचे टायर बर्फावर पकड देतात. आडव्या वाऱ्यापुढे त्यांचा उपयोग नाही. रस्ते अचानक बंद होतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर विमाही हातचा जातो. रस्त्याची स्थिती 1777 या क्रमांकावर कळते, आणीबाणीसाठी 112.

बुकिंग करताना

रेक्याविकच्या मध्यवस्तीत मोठ्या बसना हॉटेलच्या दारापर्यंत यायला मनाई आहे. त्यासाठी क्रमांक दिलेले थांबे आहेत. पिकअपची वेळ साधारण अर्ध्या तासाची असते. आठ ते साडेआठ लिहिलं असेल तर आठला थांब्यावर उभं राहायचं. हॉटेलच्या लॉबीत वाट बघत बसल्यामुळे सहल हुकते आणि पैसेही परत मिळत नाहीत.

विकणारी कंपनी आणि गाडी नेणारी कंपनी वेगळी असू शकते. नेणारीकडे आइसलँडच्या पर्यटन मंडळाचा, म्हणजे फेर्दामालास्तोफाचा परवाना आहे का ते बघा. मुक्कामाचं पॅकेज असेल तर पुरेसे लोक न जमल्यास ते रद्द करण्याला कायद्याने मुदत आहे: सहा दिवसांहून मोठ्या सहलीला 20 दिवस आधी, दोन ते सहा दिवसांच्या सहलीला 7 दिवस, त्याहून लहान असेल तर 48 तास. मुक्काम नसलेल्या एका दिवसाच्या सहलीला हे संरक्षण नाही. तिथे कंपनीच्या अटी वाचाव्या लागतात.

हवामानामुळे सहल रद्द होणं तिथे नेहमीचं आहे. म्हणून जी सहल सगळ्यात महत्त्वाची, ती मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी घ्या, म्हणजे रद्द झाली तर पुढे ढकलायला दिवस उरतो. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी रेक्याविकच्या जवळपासच फिरा.