टाकीच्या आत कोण बघतंय? जुन्या गाडीच्या फ्युएल पंपात झालेली फसवणूक

आपल्या निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर पट्ट्यात जुन्या दमदार गाड्या जिवापाड जपणारी मंडळी बरीच आहेत. कुणाकडे पालिओ १.६, कुणाकडे लिनिया टी-जेट, कुणाकडे जुनी लॅन्सर. फ्युएल पंप म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप. यातल्या कुणालाही गॅरेजवाल्यानं ‘आधी फ्युएल पंप मोठा बसवा’ असं सांगितलं असेल तर हातातलं काम ठेवून हे वाचा. पंपाच्या नावाखाली माझ्याकडून चौतीस हजार घेतले गेले. पैशापेक्षा मोठं नुकसान इंजिनाचं झालं, आणि टाकीत जे सापडलं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

माझी गाडी २००५ची ऑक्टाविया आरएस. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, कंपनीतून १५० हॉर्सपॉवर. गाडी ठणठणीत होती. ईसीयू रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, ताकद १९०च्या आसपास न्यायची, एवढीच माझी इच्छा होती. सीमेपलीकडे, महाराष्ट्र हद्दीत, हायवेला लागून एक गॅरेज आहे. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण आता तक्रारीत आहे. तिथला मालक बोलायला गोड. म्हणाला, “दादा, रिमॅप करायलाय तर पंप पयला बदलायला लागतोय. जुना पंप वीस वर्सं झालाय, बूस्ट वाढला की दम सोडतोय बगा. मग पिस्टन गेला की आमच्या नावानं बोंब.”

या बोलण्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. टर्बो जितकी जास्त हवा कोंबेल तितकं पेट्रोलही जास्त लागतं. माझ्या गाडीचा रेग्युलेटर, म्हणजे पेट्रोलचा दाब सांभाळणारा भाग, ३ बारचा (बार हे दाबाचं माप). टर्बोनं १ बार बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, दिला की रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब ४ बार व्हावा लागतो, तरच इंजेक्टर नीट फवारा मारतात. आणि पंपाची खोड अशी की समोरचा दाब वाढला की त्याचा प्रवाह घटतो. तो प्रवाह गरजेच्या खाली गेला तर मिश्रण कोरडं पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), ज्वलन तापतं, नॉक म्हणजे अवेळी स्फोट सुरू होतो आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळायला लागतं. हे सगळं मालकानं बरोबर सांगितलं. एवढ्या माफक रिमॅपला चांगल्या स्थितीतला मूळ पंप बहुतेक वेळा पुरतो, तेवढं मात्र त्यानं गाळलं. आणि मूळ पंप खरंच थकलाय का, हे मोजून दाखवण्याचं नावसुद्धा काढलं नाही.

काउंटरवर त्यानं ताशी २५५ लिटरच्या नामांकित अमेरिकन पंपाचा खोका उघडून माझ्या हातात दिला. पंप चांगला जड होता, अक्षरं कोरीव होती. व्हॉट्सॲपवर खोक्याचा फोटोही पाठवला. पंप, नवी नळी, जाळी, बॅटरीपासून वेगळ्या वायरिंगसकट रिले किट (पंपाला थेट बॅटरीचा करंट देणारा स्विच) आणि मजुरी असे चौतीस हजार ठरले. मी पैसे यूपीआयनं दिले आणि बिल मागितलं, तर “बिलावर जीएसटी चढतोय दादा, उगंच कशाला” म्हणत त्यानं कोऱ्या कागदावर आकडे लिहून दिले. जुना पंप मागितला तर तो म्हणे सकाळीच भंगारवाला घेऊन गेला. चालू स्थितीतल्या मूळ पंपाला किती किंमत येते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ‘भंगारवाला’ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

पंप आणि रिमॅप झाल्यावर गाडी सपाटीवर छान पळायची. तवंदी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की साडेचार हजार आरपीएमच्या पुढे एक झटका, मग गाडी ओढ सोडून द्यायची. मागच्या सीटखालून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. गरम गाडी बंद करून पुन्हा चालू करायची तर सेल्फ बराच वेळ फिरायचा. फोन केला की आधी उत्तर मिळालं, “नवा मॅप हाय, सेट व्हायला वेळ लागतोय.” नंतर, “तुमच्या बाजूचं पेट्रोलच खराब.” शेवटी फोन उचलणंच बंद झालं.

मग बेळगावात उद्यमबागेत एका जुन्या मेस्त्रींकडे गाडी नेली. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी बाकी कशाला हात लावण्याआधी प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. चिनी माती खडूसारखी पांढरी पडलेली, आणि तिच्यावर सुईच्या टोकाएवढे चंदेरी ठिपके. मामा म्हणाले, “हे काय हाय म्हाईत हाय काय? तुझा पिस्टन हाय हा. थेंब थेंब वितळून हितं चिकटलाय.” कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं तर त्या सिलिंडरचं बाकीच्या तिघांपेक्षा बरंच कमी.

पुढची चाचणी मी शेजारी उभा राहून बघितली. ती जमेल तेवढी नीट सांगतो, कारण आपल्याकडे गॅरेजात ती क्वचितच कुणी करून दाखवतं. गाडी मोकळ्या जागेत, शेजारी अग्निशामक सिलिंडर. रेलला दाबाचा गेज लावला, रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून ठेवली म्हणजे दाब ३ बारवर स्थिर राहतो. रिटर्नची नळी (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी) टाकीकडून सोडवून मापाच्या भांड्यात सोडली. इंजिन आयडलवर, आणि घड्याळावर ३० सेकंद. ताशी २५५ लिटरचा पंप असेल तर अर्ध्या मिनिटात दोन लिटरच्या आतबाहेर पेट्रोल पडायला हवं. आमच्या भांड्यात पाऊण लिटरही पडलं नाही. मीटर पंपाच्या कनेक्टरला लावला तर १०.९ व्होल्ट, बॅटरीवर १३.८. म्हणजे पैसे घेतलेला रिले आणि जाड वायर कुठेच नव्हती, पंप जुन्या बारीक वायरीवरच चालत होता. पंपावर अन्याय नको म्हणून मामांनी बॅटरीपासून थेट वायर देऊन पुन्हा मोजलं. लिटरभर आलं. रिटर्नची नळी थोडी दाबून गेज ४ बारवर नेला आणि तिसऱ्यांदा मोजलं, तर अर्धा लिटरही नाही. ताशी साठ लिटरच्या आत. दोनशेच्या आसपास हॉर्सपॉवरच्या टर्बो इंजिनाला पूर्ण जोरात ताशी सत्तर ते ऐंशी लिटर लागतं, आणि २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असेल तर त्याहून थोडं जास्तच. घाटात गाडी का गुदमरत होती ते त्या भांड्यात स्पष्ट दिसत होतं.

मागची सीट उचलून, झाकणाचे स्क्रू काढून पंप बाहेर आला तेव्हा मामा काही वेळ बोललेच नाहीत. पंपावरची कंपनीची अक्षरं शाईची होती. पेट्रोलात भिजवलेलं फडकं फिरवल्यावर ती फडक्यावर उतरली. मला काउंटरवर दाखवलेला पंप हा नव्हताच. आतली नळी बाजारातली साधी काळी नळी होती. टाकीच्या आत चोवीस तास पेट्रोलात बुडून राहायला जी नळी लागते ती वेगळी असते, तिच्यावर एसएई जे३० आर१० असा शिक्का असतो. साधी पेट्रोलची नळी आतून पेट्रोल वाहायला बनवलेली असते, बाहेरूनही त्यात बुडायला नव्हे. माझी नळी फुगून मऊ झाली होती, नख दाबलं तर रुतत होतं. क्लिप सैल पडलेली, त्यामुळे पंपानं ढकललेलं थोडं पेट्रोल तिथूनच टाकीत परत गळत होतं. पंपाचे वायर तोडून नुसते पिळले होते आणि त्यावर साधा इन्सुलेशन टेप. टेपचा डिंक पेट्रोलात केव्हाच विरघळला होता, टेप सुटून तळाशी पडलेला, आणि तांब्याची तार उघडी. माझी मुलं त्याच मागच्या सीटवर बसून शाळेला जातात. रागापेक्षा भीती वाटली ती तेव्हा.

पंप, नळी, फोटो, मोजणीचा व्हिडिओ घेऊन गॅरेजला गेलो. मालकानं पंपाकडे बघितलंही नाही. “हा आमचा नव्हंच. बिल हाय काय?” मी यूपीआयची नोंद आणि त्यानंच पाठवलेला खोक्याचा फोटो दाखवला. तेव्हा तो म्हणाला, “तुमी कर्नाटकातलं, आमी महाराष्ट्रातलं. फिरा आता कोर्टात.”

सीमाभागात ही धमकी आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकली आहे, आणि दोन राज्यांच्या हेलपाट्यांच्या धास्तीनं माणूस गप्प बसतो. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक स्वतः राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दुकान कागलला असो, कोल्हापूरला असो की गोव्यात, बेळगाव जिल्ह्यात राहणाऱ्याला बेळगावच्या आयोगात दाद मागता येते. मालासाठी किंवा कामासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून (आधीचं ई-दाखिल) तक्रार घरबसल्या भरता येते, आणि त्याआधी समजूत घालून बघायची तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मी आधी नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही, मग तक्रार दाखल केली. वकील म्हणाले, पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, मेसेज आणि फोटो मिळून व्यवहार दाखवता येतो. मामांनी आपल्या लेटरहेडवर मोजणीचे आकडे लिहून, सहीशिक्का करून दिलेत. नकली पंप बंद पिशवीत जपून ठेवलाय.

इंजिन सध्या उद्यमबागेत उघडून पडलंय, पिस्टन आणि रिंगा येण्याची वाट बघतंय. पंप मामांनी मूळ मापाचाच नवीन बसवायचा ठरवलाय, पण वायरिंग जाड आणि रिलेसकट. त्यांचं म्हणणं, पंप मोठा करण्याआधी आहे त्या पंपाला पूर्ण व्होल्टेज द्या, कितीतरी गाड्यांचा आजार तिथेच बरा होतो. मला ते पटतं. पंप मोठाच लागणार असेल तर तो ३ बारला आणि ४ बारला किती देतो हे आधी कागदावर मागा, टाकी तुमच्यासमोर उघडायला आणि बंद करायला लावा, आतली नळी आणि वायरचे जोड यांचे फोटो बसवण्याआधी काढा, आणि जुना पंप हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. खरा कारागीर या मागण्यांनी चिडत नाही. मामांनी तर मला स्वतःहून मोबाइल काढायला सांगितला.

ज्यांनी हायवेच्या अशा गॅरेजात पंप बदलून घेतलाय आणि ज्यांची गाडी चढावर झटके देते, गरम असताना उशिरा चालू होते, त्यांनी मोजणी होईपर्यंत टर्बोवर जोर देऊ नये. पंप नकली निघाला तर तो परत करून वाद मिटवायला जाऊ नका, तो तुमच्याकडेच राहू द्या. पैसे दिल्याचे मेसेज फोन बदलताना पुसले जातात, त्यांची प्रत आजच काढून ठेवा. तक्रारीला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे, म्हणजे ज्यांचं काम गेल्या वर्षी झालंय त्यांनाही अजून दाद मागता येईल.