यॉर्कला आई-बाबांना घेऊन दोन रात्री राहिलो, त्याचा रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकते, इंग्लंडमधल्या यॉर्कला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो शहराचा नाही, आम्ही जिथे राहिलो आणि जिथे चहा प्यायलो त्या दोन जागांचा. त्यांची नावं घेत नाही, पण काय झालं ते सांगणार आहे.

मी लीड्सला राहते. इथून यॉर्क ट्रेनने जेमतेम अर्धा तास, त्यामुळे पाहुणे आले की आमचा ठरलेला कार्यक्रम असतो, सकाळी जायचं, शॅम्बल्स नावाच्या जुन्या गल्लीत फोटो, मिन्स्टरसमोर (तिथलं मोठं चर्च) फोटो, काहीतरी गोड खायचं आणि पाचच्या गाडीने परत. असं मी चार वेळा केलंय आणि चारही वेळा वाटलं की ठीक आहे, छान आहे, पण लोक एवढं का नाचतात. या एप्रिलमध्ये डोंबिवलीहून आई-बाबा आले, आईचे गुडघे दुखतात, बाबा एकाहत्तरचे, म्हटलं धावपळ नको, दोन रात्री राहूच. नवऱ्याला सुट्टी नव्हती, आम्ही तिघंच. तर पाचव्या खेपेला मला पहिल्यांदा यॉर्क दिसलं. आणि गंमत म्हणजे तिथं जे जे भारी होतं त्यातल्या बहुतेक गोष्टींना तिकीटच नव्हतं.

सुरुवात रेल्वे म्युझियमने, कारण बाबा. बाबा मध्य रेल्वेत होते, भुसावळला लोको शेडमध्ये खलाशी म्हणून लागले, सुरुवातीची काही वर्षं वाफेच्या इंजिनांवर काढली, मग इलेक्ट्रिक, रिटायर झाले कल्याणहून. नॅशनल रेल्वे म्युझियम स्टेशनच्या मागेच आहे, एन्ट्री फुकट, द्यायचं तर डोनेशन द्या. मी मनात दीड तास धरला होता. साडेचार तास लागले आणि तेही आईने "अहो, जेवायचं आहे की कोळसाच खायचाय आज" असं म्हटल्यावर निघालो.

तिथे मॅलार्ड नावाचं निळं इंजिन आहे. ३ जुलै १९३८ ला ते ताशी १२६ मैलांनी, म्हणजे जवळजवळ २०३ किलोमीटरने धावलं, वाफेच्या इंजिनाचा हा रेकॉर्ड आजही त्याच्याच नावावर आहे. मी आपली फोटो काढत होते, बाबांनी पाटी वाचली आणि मला विचारलं, "बेअरिंग टिकलं का पण?" मला काय माहीत! शेजारी म्युझियमचे एक स्वयंसेवक आजोबा उभे होते, त्यांना मी इंग्लिशमध्ये विचारलं तर ते खो खो हसायलाच लागले, म्हणे नाही ना टिकलं, मधल्या सिलिंडरचं बिग एंड (दांड्याच्या टोकाचं मोठं बेअरिंग) तापलं, पुढे पीटरबरोपर्यंत हळूहळू नेलं आणि तिथून लंडनला दुसरं इंजिन लावून गाडी न्यावी लागली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं ना, की बघ, मी म्हटलं नव्हतं.

मग त्या आजोबांनीच आम्हाला एलरमन लाइन्सपाशी नेलं. हे १९४९ चं इंजिन, त्याची एक बाजू लांबीत कापून उघडी ठेवलीय, म्हणजे आपण फणस चिरतो तसं, आतलं सगळं दिसतं. फायरबॉक्स, बॉयलरमधून आरपार गेलेल्या नळ्या, सिलिंडर, वाफेचा रस्ता कुठून कुठे, सगळं रंग देऊन वेगवेगळं दाखवलंय. बाबा छत्रीच्या टोकाने एकेक नळी दाखवत मला सांगत होते की गाडी शेडमध्ये आली की या नळ्यांमधली काजळी काढायला लागायची आणि फायरबॉक्स निवायची वाट बघायला कोणाला वेळ नसायचा, गरम असतानाच आत उतरायचं, ओलं पोतं गुंडाळून. हे मी छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. घरी कधी बोलले नव्हते. आजोबांचं इंग्लिश पक्कं यॉर्कशरचं, बाबांचं इंग्लिश रेल्वेचं, पण बॉयलर, इंजेक्टर, वॉशआउट हे शब्द दोघांचे एकच असल्यामुळे दहा मिनिटांनंतर त्यांना माझी गरजच उरली नाही. मी आणि आई बाकावर बसून चकल्या खाल्ल्या.

जपानच्या बुलेट ट्रेनचं अगदी पहिल्या सिरीजचं एक डबा-इंजिन पण आहे तिथे, आत जाऊन बसता येतं. बाबा म्हणाले आपली मुंबई-अहमदाबाद सुरू झाली की बसूच, आई म्हणाली तोवर इथे बसून घ्या.

आता राहण्याचं. गेस्ट हाऊस सिटी सेंटरपासून चालत पंधरा मिनिटांवर, फोटोत एकदम गोड, फुलाफुलांचे पडदे वगैरे. बुकिंग करताना मी दोनदा लिहिलं होतं की आईचे गुडघे, खालची खोली द्या. दिली तिसऱ्या मजल्यावरची, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की बॅग आडवी धरली तर अडकते आणि उभी धरली तर पायाला लागते. मालकीणबाई वागायला गोड होत्या पण "जुनं घर आहे हो" यापलीकडे उत्तर नाही. जुन्या शहरात हे होणारच, मान्य, पण मग मेसेजला "नक्की" असं लिहू नका ना. तुमच्याबरोबर म्हातारी माणसं असतील तर मेसेजवर विसंबू नका, फोन करा आणि खोली कितव्या मजल्यावर ते वदवून घ्या. खोलीत केटल असते पण त्यात दूध उकळत नाही हे आईला पटायलाच एक संध्याकाळ गेली. शेवटी डोंबिवलीहून आणलेलं आलं ठेचून कपात टाकलं, वर यॉर्कशर टीच्या दोन दोन पिशव्या. त्या चहाला मात्र पाचपैकी पाच.

शहराची तटबंदी हा दुसरा फुकटचा खजिना. एकूण साधारण ३.४ किलोमीटर, वर चढून चालता येतं, संध्याकाळी दारं बंद करतात त्यामुळे उशीर करू नका. शहर रोमन लोकांनी वसवलं इसवी सन ७१ मध्ये, ८६६ मध्ये व्हायकिंग घुसले, आताची भिंत मात्र बरीचशी मध्ययुगातली. इथे एक गोंधळ होतो तो आधीच सांगते, यॉर्कमध्ये गेट म्हणजे रस्ता (व्हायकिंगांच्या भाषेतला शब्द, स्टोनगेट, पीटरगेट, कॉपरगेट असे सगळे रस्ते) आणि वेशीला म्हणतात बार. हे त्यांना माहीत नसताना मी फोनवर बाबांना म्हटलं "मंक बारला थांबा, मी येतेच", तर पलीकडून आई, "बारमध्ये? सकाळी दहाला?"

पूर्ण फेरी मारायची काही गरज नाही, बूथॅम बार ते मंक बार एवढा तुकडा करा, मिन्स्टर सगळ्यात सुंदर तिथूनच दिसतं, खाली लोकांच्या बागा, एप्रिलमध्ये तटाच्या उतारांवर पिवळी डॅफोडिल्स नुसती सांडलेली. फक्त दोन गोष्टी. मंक बारचा जिना उभा आणि अंधारा आहे, आणि भिंतीवर आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. आईने सगळा रस्ता बाहेरच्या दगडाला हात लावून, माझी ओढणी धरून काढला, पण काढला. वर गेल्यावर म्हणाली शिवनेरीला लग्नाआधी गेले होते, त्यानंतर आजच.

शॅम्बल्सबद्दल सगळे लिहितात, मी एवढंच सांगते, सकाळी आठच्या आत जा. दहानंतर ती गल्ली म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशीचं दादर मार्केट. सकाळी रिकामी असते तेव्हा कळतं की ही खाटकांची गल्ली होती. दुकानांच्या खिडक्यांखाली रुंद फळ्या आहेत त्यावर मटण मांडायचे, वर लोखंडी आकडे अजून आहेत, वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे आलेत की समोरासमोरची घरं एकमेकांच्या कानात बोलतायत असं वाटतं. मटणावर ऊन येऊ नये म्हणून ही सावली सोयीची. आमची आई शुद्ध शाकाहारी, तिने एका आकड्याला बोट लावून बघितलं आणि लगेच पर्समधून सॅनिटायझर काढला.

यॉर्क मिन्स्टरला दिवसा तिकीट आहे, पण संध्याकाळची प्रार्थना, इव्हनसाँग, सगळ्यांना खुली आणि फुकट. वेळ वेबसाइटवर बघून जा. आईने दारातच बूट काढायला घेतले, दारावरच्या माणसाने हसून नको म्हटलं, तरी तिला ते शेवटपर्यंत खटकत राहिलं. लाकडी कोरीवकामाच्या बाकांवर अगदी गाणाऱ्यांच्या शेजारी बसवतात. मुलं गायला लागली आणि आवाज वर जाऊन जो काही वेळाने खाली येतो ना, तो प्रकार फोनमध्ये रेकॉर्ड होत नाही (करायचाही नसतो). दुसऱ्या दिवशी तिकीट काढून परत गेलो ते पूर्वेकडच्या खिडकीसाठी. टेनिस कोर्टाएवढी रंगीत काचेची खिडकी, १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने केली, मजुरी ५६ पाउंड. अलीकडे तिच्या सगळ्या काचा उतरवून, साफ करून परत बसवल्या, ते काम बरीच वर्षं चाललं. बाबा म्हणाले करायला तीन वर्षं आणि ओव्हरहॉलला त्याहून जास्त, म्हणजे आमच्यासारखंच.

टॉवरवर जायला २७५ पायऱ्या, आम्ही विचारही केला नाही.

जॉर्विक व्हायकिंग सेंटरला तिकीट आहे पण ते वसूल. कॉपरगेटला १९७६ ते ८१ खोदकाम झालं, ओल्या मातीमुळे लाकूड, चामडं सगळं टिकलं होतं, त्यावरून त्याच जागी व्हायकिंगांची वस्ती परत उभी केलीय, छोट्या गाडीत बसवून फिरवतात आणि वास सुद्धा सोडतात, धूर, मासे, संडास, सगळे. आईने पदर नाकाला लावला तो बाहेर येईपर्यंत. आणि बाहेर काय तर काचेच्या पेटीत हजारएक वर्षांपूर्वीच्या एका व्हायकिंगची वाळलेली शी, अख्खी, वीस सेंटीमीटर. १९७२ मध्ये एका बँकेच्या जागेवर सापडली. तपासून शोधलंय की तो माणूस मांस आणि पाव खायचा आणि त्याच्या पोटात जंत होते. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भाजी खात नसणार."

आता ती टी रूम. सेंटरमध्ये, इंटरनेटवर खूप नावाजलेली, पाऊण तास रांगेत, आईला बसायला खुर्ची मागितली तर नियमात नाही म्हणे. आत गेल्यावर स्कोन आले ते फ्रिजमधून थेट, मधोमध गार. बाबांनी एक चावून बाजूला ठेवला, म्हणाले फुगलेली नानकटाई आहे, साखर घालायला विसरलेत. तिघांचं बिल बघून मी ते घाईघाईने पर्समध्ये टाकलं कारण आई रुपयांत हिशोब करते. त्यापेक्षा शॅम्बल्सजवळच्या उघड्या मार्केटमध्ये उभ्याने खा. शाकाहारी असाल तर यॉर्कशर पुडिंगबद्दल एक सांगते, ते गोड नसतं, त्यात अंडं असतं आणि पुष्कळदा ते गोमांसाच्या चरबीत भाजतात, वरची ग्रेव्ही तर बहुतेक मांसाचीच. विचारून घ्या.

क्लिफर्ड्स टॉवरच्या टेकडीपाशी आम्ही फार बोललो नाही. ११९० मध्ये शहरातल्या ज्यू लोकांनी, दीडशेच्या आसपास माणसं, तिथल्या लाकडी बुरुजात आसरा घेतला होता, बाहेर जमाव, आणि बहुतेकांनी आत स्वतःचा जीव घेतला. खाली पाटी आहे, ती वाचा.

परतीच्या दिवशी बाबा स्टेशनवर. १८७७ चं स्टेशन, वळणावर बांधलेलं, त्यामुळे वरचं लोखंडी छप्पर पण कमानींसकट वळत जातं. बाबा म्हणाले टोकापर्यंत जाऊन बघून येतो. आमची गाडी आली, दारं उघडली, दारं बंद झाली, गेली. वीस मिनिटांनी बाबा आले, हातात फोन, त्या कापलेल्या इंजिनाचा व्हिडिओ त्यांनी भुसावळच्या ग्रुपवर टाकला होता आणि तिकडे चर्चा पेटली होती की चौथ्या रांगेतली नळी सुपरहीटरची की साधी. गाडी गेली म्हटल्यावर घड्याळाकडे बघून म्हणाले, म्युझियम पाचला बंद होतं ना, आत्ता तीनच वाजलेत.