ओळखपत्राशिवाय उघडलेले बँक खाते : ‘लघु खात्या’चा चौदा महिन्यांचा अनुभव

आमच्या वसाहतीत जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात स्टीलची भांडी देणाऱ्या एक मावशी गेली कित्येक वर्षे येत आहेत. गावाबाहेरच्या माळावर त्यांच्या लोकांची पाले आहेत, त्यांतल्याच एका पालात त्या राहतात. मागच्या वर्षी मे महिन्यात पाटी उतरवून त्या ओट्यावर टेकल्या, कनवटीची गाठ सोडून नोटांची एक पुरचुंडी त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “ताई, पावसाळ्यात पालात हे टिकत न्हाई. बँकेत ठिवता येतंय का बघा.” पैसे मोजले तर ४,३०० रुपये भरले. अडचण अशी की मावशींकडे आधार नाही, मतदार ओळखपत्र नाही आणि जन्माची नोंदही कोठे नाही. मुलाच्या रेशन कार्डावर त्यांचे नाव आहे. पण बँकेच्या लेखी रेशन कार्ड हा ओळखीचा पुरावा ठरत नाही, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

अशा माणसाला खाते उघडता येते की नाही, या शोधात मला ‘लघु खाते’ सापडले. बँकेच्या काउंटरवर त्याला ‘स्मॉल अकाउंट’ म्हणतात आणि हेच नाव घेऊन मागणी करावी, असे मी सुरुवातीलाच सांगते, कारण ‘झिरो बॅलन्सचे खाते’ किंवा ‘जनधन’ एवढेच म्हटले की समोरचा कर्मचारी सवयीने आधार कार्डासाठी हात पुढे करतो. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत डिसेंबर २०१० मध्ये या खात्याची तरतूद झाली आणि रिझर्व्ह बँकेने २५ फेब्रुवारी २०१६ रोजी काढलेल्या केवायसी (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या) निर्देशांतही ती स्पष्ट शब्दांत आली. बँकेला चालणारी ओळखीची कागदपत्रे मोजून सहा आहेत : पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, राज्य शासनाच्या अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे नाव-पत्त्यासह पत्र. यांपैकी एकही नसलेल्या व्यक्तीने स्वतःचे छायाचित्र द्यावे, त्यावर स्वतः सही किंवा अंगठा करावा आणि तो आपल्यासमोर झाला आहे, असे बँकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने प्रमाणित करावे, एवढ्यावर हे खाते उघडते. गॅझेटेड अधिकाऱ्याचा दाखला, नगरसेवकाचे पत्र किंवा जुन्या खातेदाराची ओळख यांपैकी कशाचीही त्यासाठी गरज नाही. तुरुंगातल्या कैद्यालाही हे खाते उघडता येते. त्याच्या बाबतीत कारागृहाच्या प्रभारी अधिकाऱ्यासमोर सही होते.

तरतूद इतकी सरळ असूनही पहिल्या शाखेने आम्हांला परत पाठवले. ती मोठ्या बँकेची शाखा होती आणि तिथल्या बाई उद्धट नव्हत्या, उलट त्यांनी मावशींना बसायला खुर्ची दिली. मात्र “आधारशिवाय सिस्टीम पुढे जातच नाही,” हे एकच वाक्य त्या पुन्हापुन्हा सांगत राहिल्या. बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केली, हे मी त्यांना सांगितले; त्यांनी मान डोलावली आणि पुढचे टोकन पुकारले. मला सर्वांत अधिक खटकले ते हे, की नकार लेखी मागितल्यावर तो देण्यास कोणी तयार होईना. लेखी नकार हातात नसेल, तर तक्रार कशाच्या आधारावर करायची, हा प्रश्न मावशींच्याच काय, माझ्यासारख्या लिहित्या-वाचत्या बाईच्याही पुढे उभा राहतो.

दुसऱ्या शाखेत जाताना मी रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांतील त्या कलमाचे पान छापून नेले. शाखाधिकाऱ्यांनी ते शांतपणे दोनदा वाचले, आतल्या खोलीतून जुन्या फॉर्मचा गठ्ठा आणवला आणि म्हणाले, “या शाखेत हे पहिलंच खातं असेल, पण उघडू.” एक पानी अर्ज भरून झाला. पत्ता म्हणून माळाचे नाव आणि जवळच्या पाण्याच्या टाकीची खूण लिहिली. शाईचे पॅड पुढे आले तेव्हा मावशी मात्र हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. साहेबापुढे अंगठा देणे म्हणजे काय, याची त्यांच्या घरातली आठवण वेगळी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना पोलिसांच्या हजेरीला बांधले, त्यांतलीच एक मावशींची. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ‘अंगठा दिला की माणूस अडकला’ हे त्यांनी वडिलांकडून ऐकलेले होते. शाखाधिकारी खुर्चीतून उठून काउंटरच्या या बाजूला आले, त्यांनी छापील मजकूर मावशींना मराठीत वाचून दाखवला आणि म्हणाले, “मावशी, हा अंगठा तुमचे पैसे तुमच्याशिवाय कुणाला मिळू नयेत म्हणून आहे.” त्यानंतर मावशींनी अंगठा दिला. भांडी घासून-पुसून रेषा झिजल्यामुळे पहिला ठसा नुसता काळा गोळा उमटला. पदराने अंगठा पुसून दुसऱ्यांदा दिला तेव्हा रेषा दिसू लागल्या. वारसनोंदीच्या अर्जावर अंगठा असला, तर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक सही माझी झाली, दुसरी रांगेत उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने आपणहून केली. पाऊण तासात पासबुक हातात आले. त्यावर मावशींचा फोटो, फोटोवर बँकेचा गोल शिक्का आणि कोपऱ्यात ‘स्मॉल अकाउंट’ असा रबरी शिक्का होता.

आता खात्याच्या मर्यादांविषयी, कारण त्या आधी समजल्या नाहीत तर ऐन वेळी फजिती होते. एका आर्थिक वर्षात या खात्यात सगळे मिळून १ लाख रुपयांपेक्षा अधिक जमा होऊ शकत नाहीत, एका महिन्यात काढलेले आणि दुसरीकडे वळवलेले मिळून १० हजारांपुढे जाता येत नाही आणि शिल्लक कोणत्याही क्षणी ५० हजारांच्या वर जाऊ शकत नाही. वर्षाचे १ लाख म्हणजे महिन्याला सरासरी ८,३३३ रुपये. मावशींसारख्या फिरस्त्या विक्रेतीला एरवी हे पुरते; पण त्यांचा धंदा वर्षभर सारखा चालत नाही. दिवाळीच्या आधी घरोघरी आवराआवर होते, कपड्यांचे ढीग निघतात आणि त्या दोन-तीन आठवड्यांसाठी ठोक व्यापाऱ्याकडून एकदम १४ हजारांची भांडी उचलावी लागतात. खात्यात पैसे असूनही एका महिन्यात ते सगळे काढता येणार नव्हते. आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी ६ हजार आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ८ हजार काढले, म्हणून माल वेळेवर आला. दवाखान्याचा खर्च असा दोन महिन्यांत वाटून येत नाही, हा या खात्यातला खरा धोका आहे आणि महिन्याची १० हजारांची मर्यादा आता वाढवायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिल्लकेची मर्यादा मोजताना शासकीय अनुदान, कल्याणकारी योजनांची रक्कम आणि सरकारी खरेदीचे पैसे धरले जात नाहीत. सवलत चांगली आहे. पण ज्याच्याकडे आधार नाही तोच हे खाते उघडणार आणि आज बहुतेक योजनांचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, त्यामुळे तिचा लाभ फार थोड्यांना मिळत असणार. परदेशातून आलेले पैसेही ओळख पूर्णपणे पटेपर्यंत या खात्यात जमा होत नाहीत, तेव्हा मुलगा आखातात कामाला असलेल्या कोकणातल्या एखाद्या म्हाताऱ्या आईला याचा उपयोग नाही.

या सगळ्यांहून महत्त्वाची आहे ती मुदत. हे खाते पहिल्यांदा फक्त १२ महिने चालते. त्या १२ महिन्यांत वरच्या सहांपैकी एखाद्या कागदासाठी अर्ज केला असल्याचा पुरावा दाखवला, तर आणखी १२ महिने मिळतात. कागद हातात पडलाच पाहिजे अशी अट नाही, अर्जाची पोच पुरते. परंतु ती पोच नसेल तर मुदतवाढ मिळत नाही. खाते उघडताना हे आम्हांला कोणी सांगितले नाही, पासबुकावर तारीख लिहिलेली नव्हती आणि नंतरही बँकेकडून एखादा फोन किंवा चिठ्ठी आली नाही. ज्या खातेदाराला वाचता येत नाही हे बँकेला अंगठ्यावरून पहिल्या दिवशीच कळलेले असते, त्याला मुदत तोंडी समजावून सांगणे आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर ठळक लिहिणे हे बँकेचे काम आहे. या एका बाबतीत मी या सेवेला अजिबात गुण देणार नाही.

आम्ही मतदार ओळखपत्राचा मार्ग धरला. घर नसलेल्या व्यक्तीलाही मतदार यादीत नाव घालता येते. राहण्याचा कागदी पुरावा नसला, तर ती व्यक्ती दिलेल्या जागी खरोखर झोपते का, हे पाहण्यासाठी बीएलओने, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवर यादीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, रात्री तिथे जावे, अशी निवडणूक आयोगाची पद्धत आहे. डिसेंबरमध्ये आम्ही ६ क्रमांकाचा अर्ज भरला. पत्त्याच्या पुराव्यात बँकेचे चालू पासबुक चालते, हे अर्जावर वाचले तेव्हा मला या खात्याचे खरे मोल कळले. ज्या बाईच्या नावाचा एकही कागद कोठे नव्हता, तिच्या हातात आता फोटो, नाव आणि माळाचा पत्ता असलेला, शिक्का मारलेला एक कागद होता आणि पुढचा कागद त्याच्या आधारावर मागता येत होता. पैसे सुरक्षित राहिले हे आहेच, पण माझ्या दृष्टीने या सेवेने मावशींना दिलेली सर्वांत मोठी गोष्ट ते पासबुक आहे.

आमच्या भागाच्या बीएलओ जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक शिक्षिका आहेत. त्या दोनदा आल्या, दोन्ही वेळा रात्री नऊनंतर. मोबाइलच्या उजेडात त्यांनी पालातले अंथरूण, चूल आणि कपड्यांची गाठोडी पाहिली आणि मावशींचे नाव पासबुकावरून अक्षर न् अक्षर उतरवून घेतले. हे मी मुद्दाम सांगितले होते, कारण दोन कागदांवर नावाची वेलांटी जरी वेगळी झाली, तरी बँकेत पुन्हा सगळे पहिल्यापासून सुरू होते. अर्जाची पोच मी मे महिन्यात, मुदत संपण्याच्या तीन आठवडे आधी, शाखेत दिली आणि तिच्या झेरॉक्सवर आवक क्रमांकासह बँकेचा शिक्का घेतला. मधल्या काळात ते शाखाधिकारी बदलून गेले होते. नव्या साहेबांनी आधी “खाते बंद करून नवीन उघडा” असे सांगितले. मात्र शिक्क्याची पोच आणि निर्देशांचे तेच पान पुढे ठेवल्यावर मुदतवाढ झाली.

कोणाला अशा खात्यासाठी नकार मिळाला, तर त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. नोव्हेंबर २०२१ पासून वेगवेगळ्या लोकपाल योजना एकत्र झाल्या आहेत, तक्रारीला शुल्क लागत नाही आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. अर्थात पालात राहणारा माणूस एकटा इथवर पोहोचणार नाही. त्याच्याबरोबर कोणीतरी जावे लागते, आणि शाखेत दोनदा-तीनदा खेपा घालण्याची तयारी ठेवावी लागते.

मतदार ओळखपत्र ऑगस्टमध्ये आले. ते घेऊन आम्ही शाखेत गेलो, नव्याने केवायसीचा अर्ज भरला आणि चार दिवसांनी खात्यावरच्या मर्यादा निघाल्या. काउंटरवरच्या मुलाने पासबुकावरचा ‘स्मॉल अकाउंट’ हा शिक्का लाल पेनाने काट मारून खोडला आणि शेजारी सही केली. मावशींनी ते पान बराच वेळ पाहिले, मग कनवटीतून २,००० रुपये काढून स्लिप भरायला माझ्या हाती दिले.