पुराव्यासकट लिहायला शिकवायचंय: फुटलेली कुंडी, कोर्ट की व्हॉट्सॲप फॉरवर्ड?

"मोबाईल शाप की वरदान" या विषयावरच्या आठवीच्या ५४ वह्या एका रविवारी तपासायला घ्या म्हणजे कळेल मी काय म्हणतेय. सुरुवातीला "आजच्या आधुनिक युगात", मधे "नाण्याला दोन बाजू असतात" आणि शेवटी "म्हणून मोबाईल जपून वापरावा", पण पुरावा म्हणावा असं एक वाक्य सापडत नाही. मुलांना जमत नाही असं अजिबात नाही हां, हीच मुलं मधल्या सुट्टीत आउट की नॉटआउट यावर भांडतात तेव्हा बॅटला लागल्याचा आवाज कोणी ऐकला, कीपर कुठे उभा होता, अंपायरचं तोंड कुठे होतं सगळं काढतात. तोंडी येतं, वहीत उतरत नाही, एवढंच. आणि ते वहीत उतरवायला फळ्यावर मुद्दे लिहून देऊन काही होत नाही, खेळच लागतो.

मी सातवी ते नववीला तीन खेळ आलटूनपालटून घेते. नवीन शिक्षक विचारतात की यातला कुठला घेऊ, तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय, कारण तिन्ही मजेशीर आहेत पण तिन्हींतून एकसारखं लिखाण येत नाही.

आधी एक गोष्ट, जी तिन्हीकडे लागते. दावा आणि पुरावा यांच्या मधे एक वाक्य असतं जे मुलं कायम गाळतात. डोंगरावर आग लागलीय हा दावा, धूर दिसतोय हा पुरावा, आणि मधलं वाक्य म्हणजे जिथे धूर तिथे आग, जसं चुलीत दिसतं. हे आपल्या न्यायदर्शनातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं उदाहरण, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच पायऱ्यांचं. स्टीफन टुलमिन नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली त्यातही हा मधला दुवा वेगळा काढून दाखवलाय. मी वर्गात त्याला नुसतं "मधलं वाक्य" म्हणते, मुलांना तेवढं पुरतं.

आता पहिला खेळ, फुटलेली कुंडी. मुलं पीटीला गेली की वर्गात खिडकीखाली एक जुनी कुंडी फोडून ठेवायची, माती आतल्या बाजूला सांडलेली, खिडकी उघडी, शेजारच्या टेबलावर सुट्या कागदांचा गठ्ठा जसाच्या तसा, आणि दारापासून खिडकीपर्यंत मातकट पावलांचे दोन-तीन ठसे. मुलं आत आली की एकच प्रश्न विचारायचा, कुंडी कशी फुटली? वारा, मांजर की माणूस? गटात बसून आधी नुसतं काय दिसतंय ते टिपायचं, कुणाचंही नाव घ्यायचं नाही. हा नियम कडक पाळा, नाहीतर पाच मिनिटांत वर्गातल्या मस्तीखोर पोरावर आळ येतो आणि तो बिचारा रडवेला होतो.

मागच्या वर्षी एका मुलीने लिहिलं, "कुंडी वाऱ्याने पडली कारण खिडकी उघडी होती." मी म्हटलं, "खिडकी तर रोज उघडी असते गं, कुंडी रोज पडते का?" ती गप्प बसली, टेबलाकडे बघत राहिली, आणि मग वहीत खाली लिहिलं, "कुंडी पाडण्याइतका वारा असता तर टेबलावरचे सुटे कागद आधी उडाले असते. कागद जागेवर आहेत. म्हणून वारा नसणार." बाई, माझं आधीचं खोडू का, असं विचारलं तिने. मी म्हटलं अजिबात खोडू नको, दोन्ही राहू दे. त्या दोन उत्तरांच्या मधे जे झालं तेच मला शिकवायचं होतं, आणि ते तिचं तिनेच केलं, ती वही बघताना आजही मला भरून येतं.

दुसरा खेळ कोर्ट. हा बहुतेक शाळांत होतो, पण विषय तेच मोबाईल नाहीतर प्लास्टिक, आणि मुलं टीव्हीवर बघितलेला वकील करतात, टेबलावर हात आपटतात. खरा खटला घ्या. मी लोकमान्यांचा १९०८ चा घेते, आणि मराठीच्या तासाला यापेक्षा चांगला खटला मला तरी माहीत नाही. केसरीतल्या लेखांवरून राजद्रोहाचा आरोप, त्यातला एक लेख "देशाचे दुर्दैव", दुसरा "हे उपाय टिकाऊ नाहीत". न्यायमूर्ती दावर, टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, ज्युरीत, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या पंचांत, सात युरोपियन आणि दोन पारशी, आणि निकाल सात विरुद्ध दोन. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली, मग मंडाले. यातली खरी गंमत अशी की लेख मराठीत होते आणि कोर्टात चाललं त्यांचं इंग्रजी भाषांतर, आणि टिळकांनी त्या भाषांतरावरच हरकत घेतली. हे सांगितलं की वर्गात एकदम चुळबुळ सुरू होते. मग मी मुलांना "माथेफिरू" आणि "वेडा" असे दोन शब्द देते आणि विचारते, कोर्टात कुणाच्या लिखाणातला एक शब्द काढून दुसरा ठेवला तर पुरावा तोच राहतो का? नववीची मुलं यावर दोन तास बोलू शकतात, खरंच.

पण कोर्टाची अडचण पण सांगते. ५४ मुलांत बोलतात आठ. न्यायाधीश, दोन-दोन वकील, दोन साक्षीदार, फार तर एक शिरस्तेदार (कोर्टाचा कारकून), बाकीची मुलं टाळ्या वाजवतात. आणि ज्या मुलाने वकिली झकास केली त्याची वही बघितली तर चार ओळी, कारण त्याचं सगळं बोलून संपलेलं असतं. यावर मी केलेला उपाय म्हणजे उरलेल्या सगळ्यांना ज्युरी करायचं आणि प्रत्येकाने आपला निकाल कारणासकट लेखी द्यायचा, बाजूच्याशी न बोलता. निकाल वाचून दाखवायचे ते नाव न घेता. एवढं केलं तर कोर्टातून लिखाण निघतं, नाहीतर ते स्नेहसंमेलनातलं नाटुकलं होतं.

तिसरा, फॉरवर्डची चिरफाड. "युनेस्कोने जन गण मन जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं" हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर कधीतरी येऊन गेला असेल. तो फळ्यावर लिहायचा आणि विचारायचं, खरं मानायला काय काय बघावं लागेल? कोणी ठरवलं, कधी, कुठल्या बैठकीत, युनेस्को मुळात असल्या स्पर्धा घेते का, तिच्या साइटवर आहे का. युनेस्कोने स्वतःच असं काही केल्याचं नाकारलंय. मुलांना आधी वाईट वाटतं, एकजण तर म्हणाला, "बाई, म्हणजे आपलं राष्ट्रगीत चांगलं नाही का?" थांबून यावर बोलावं लागतं, की राष्ट्रगीत मला प्रियच आहे, त्यासाठी खोट्या सर्टिफिकेटची गरज नाही, दावा खोटा निघाला म्हणजे गोष्ट वाईट ठरत नाही. हा फरक कळायला मोठ्या माणसांनासुद्धा वेळ लागतो. सरकारी बातम्यांसाठी पीआयबीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्ट चेक २०१९ पासून आहे, नववीला तेही दाखवता येतं.

इथे एक काळजी घ्या. मुलं उत्साहात घरी जाऊन आजोबांना सगळ्यांसमोर "हे खोटंय" म्हणतात आणि घरात वाद होतात, माझ्याकडे एक आजी भेटायला आल्या होत्या. तेव्हापासून मी लेखनाचा भाग असाच देते, की आजोबांना आदराने एक पत्र लिहा, हा मेसेज मी तपासला, मला काय सापडलं आणि म्हणून मला काय वाटतं. पत्र म्हटलं की भाषा आपोआप सांभाळली जाते आणि पुरावे पण येतात.

वादविवाद आणि आपापल्या मताप्रमाणे वर्गाच्या चार कोपऱ्यांत उभं राहण्याचा खेळ मी मुद्दाम यात धरला नाही, गरम व्हायला पाच मिनिटं ठीक आहे, पण त्यात मत आधी ठरतं आणि पुरावा मागून शोधला जातो, म्हणजे उलटीच सवय.

मग निवडायचं कसं? वेळ बघितला तर कुंडी एका तासिकेत होते आणि लिखाण दुसऱ्या, कोर्टाला चार तरी जातात, फॉरवर्डला दोन पण शाळेत चालणारं इंटरनेट हवं किंवा तुम्ही आधी प्रिंट काढून ठेवायला हव्यात. तयारी कोर्टाला सगळ्यात जास्त. पुरावा कुंडीत डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे वाचनात कच्चं असलेलं मूलसुद्धा मागे राहत नाही, आणि माझ्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचंय, कारण पहिल्याच खेळात जे मूल मागे पडतं ते वर्षभर हात वर करत नाही. कोर्टात पुरावा म्हणजे मजकूर, शब्दांची पारख लागते. फॉरवर्डमध्ये पुरावा कुठे शोधायचा हेच शिकायचं असतं, ते सगळ्यात अवघड, आणि सातवीला मी ते देत नाही.

तुम्हाला एकच काहीतरी करायचं असेल, वर्ग मोठा असेल, पहिल्यांदाच करताय, तर कुंडी, डोळे झाकून. वर्ग तीसच्या आत असेल आणि मुलं वाचणारी असतील तर कोर्ट घ्या, पण लेखी ज्युरीशिवाय नको. दहावीच्या वैचारिक लेखनाची तयारी म्हणून काही हवं असेल तर नववीच्या दुसऱ्या सत्रात फॉरवर्ड, पण आधी कुंडी झालेली हवी.

तिन्ही जमणार असतील तर माझा क्रम असा आहे: शाळा सुरू झाली की जूनच्या शेवटी कुंडी, कोर्ट जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आणि फॉरवर्ड दिवाळीनंतर. कोर्ट जुलैत अशासाठी की १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी असते, सगळीकडे शेंगांच्या टरफलांची पाठ केलेली भाषणं होतात, आणि आमच्याकडे त्या दिवशी परिपाठाला मुलं आपापले लेखी निकाल वाचतात. गेल्या वर्षी वाचले त्यात एका मुलाने दोषी ठरवलं होतं, कारण दिलं होतं, आणि मुख्याध्यापकांनी त्याला पूर्ण वाचू दिलं.