उपदेशातला दाखला: तयार संग्रहातून घ्यावा की आपल्या वहीतून?

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पाळकसाहेबांच्या जोडीने आम्ही चार जण उपदेशाला उभे राहतो. महिन्या-दीड महिन्याने पाळी येते. यंदा त्यात दोन तरुण नवे आले आणि दोघांनीही पहिल्या पाळीच्या आधी मला एकच विचारलं, "दादा, दाखले कुठून काढता?" दाखले म्हणजे वचन समजावायला उपदेशात सांगायच्या छोट्या गोष्टी. बायबलमधल्या वचनाचा अर्थ विचारायला पुण्यात माणसं कमी नाहीत. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठ आहे, घरात भाष्यग्रंथ असतात. अडतं ते त्याच्या पुढे. शनिवारी रात्री अर्थ हाताशी असतो, पण तो लोकांपर्यंत पोचवणारी गोष्ट काही केल्या सापडत नाही.

मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. आठ-नऊ वर्षं तयार संग्रहांवर काढली आणि त्यानंतरची सहा-सात वर्षं खिशातल्या वहीवर. कोणाला काय जमेल हे ज्याच्या त्याच्या वेळेवर आणि स्वभावावर आहे, त्यामुळे हा माझा अनुभव समजा, नियम नव्हे.

आधी संग्रहांबद्दल. माझ्याकडची बरीचशी पुस्तकं इंग्रजी आहेत. क्षमा, कृपा, धीर, प्रार्थना अशी विषयवार मांडणी आणि मागे वचनांची सूची. इंटरनेटवर तर त्याहून सोय. रविवारच्या बायबलवाचनांचं तीन वर्षांचं चक्र पाळणाऱ्या मंडळ्यांना ठाऊकच आहे, शुभवर्तमानांपैकी अ वर्षात मत्तय, ब वर्षात मार्क, क वर्षात लूक आणि योहान अधूनमधून. आपला रविवार निवडला की त्या दिवसाच्या चारही वाचनांना जुळणाऱ्या गोष्टी समोर येतात. दिवसभर नोकरी, घरी आजारी माणूस आणि उद्या सकाळी नऊला उपासना अशा रात्री या सूचींनी मला कितीदा तारलं आहे. त्यांना मी नावं ठेवणार नाही. शिवाय गोष्ट किती छोटी असावी, ती एकाच मुद्द्यावर कशी ठेवावी, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. नव्या माणसाने एखादा चांगला संग्रह वर्षभर वाचावाच.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या गोष्टींचा विचार मी सोडून दिला आहे. त्या निम्म्या मंडळीने शनिवारीच वाचलेल्या असतात. आणि ज्या गोष्टीतल्या माणसाचं नाव, गाव, साल काहीच सापडत नाही, ती 'खरी घडलेली' म्हणून व्यासपीठावरून सांगायला मन धजत नाही.

आता माझं जिथे बिनसलं ते सांगतो.

एका रविवारी रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय होता. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, हे वचन. संग्रहात कृपेखाली सुंदर गोष्ट मिळाली. रात्रभर बर्फ पडतो, सकाळी माणूस दार उघडतो तर शेजाऱ्याने पहाटेच त्याच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ फावड्याने ओढून वाट मोकळी केलेली असते. तो झोपेत होता, त्याने मागितलंही नव्हतं. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सांगायला लागलो आणि समजावण्यातच गुंतलो. तिकडे घराच्या दारापर्यंत गाडीचा रस्ता असतो, तो ज्याचा त्याने साफ ठेवायचा असतो, नाही केला तर गाडी निघत नाही. गोष्ट दीड मिनिटाची, तिची प्रस्तावना चार मिनिटांची. उपासनेनंतर चहाच्या वेळी एक मावशी जवळ आल्या आणि अगदी मनापासून विचारलं, "बर्फ फावड्याने ओढावा लागतो का हो? ऊन पडल्यावर वितळत नाही?" त्या उपदेशभर त्याच विचारात होत्या. लक्ष देऊन ऐकणारी बाई ती. मी तिचं लक्ष बर्फापाशी नेलं आणि तिथेच सोडून आलो.

त्यानंतर मला प्रत्येक तयार दाखल्यात हे दिसायला लागलं. आधी दाखला समजावा, मग दाखल्याने वचन समजवावं. दोनदा समजावताना उपदेशाचा धागा हातातून सुटतो. गोष्ट वाईट नसते, पण ती ज्या अंगणात उभी आहे ते अंगण आपल्या लोकांनी पाहिलेलं नसतं.

वही मी त्याच महिन्यात घेतली. तिच्यातली एक नोंद अशी: "पाणी पहाटे चारला. वहिनींनी आपले हंडे भरून झाल्यावर आमचाही भरला. वर ताटली झाकून ठेवली." आम्ही तेव्हा वाड्यात राहत होतो, नळ सामाईक, आणि माझी रात्रपाळी होती. सकाळी उठलो तर दाराशी भरलेला हंडा. पुढे तेच रोमकरांचं वचन एका प्रार्थनासभेत आलं, तेव्हा मी हंडा सांगितला. "मी झोपलो होतो," एवढं म्हणून थांबलो, तर पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी मान हलवली. पहाटेचं पाणी, चुकलं तर दिवसभराचे हाल, दुसऱ्याचा हंडा भरणं म्हणजे काय, यातलं काहीच समजावावं लागलं नाही. वाचलेला सगळा वेळ वचनाला देता आला.

भाकरीच्या बाबतीत हे मला फार जवळून कळलं. ब वर्षात पावसाळ्यात सलग पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय चालतो. पाच हजारांना भोजन, मग जीवनाची भाकर, पुन्हा जीवनाची भाकर. उपदेशकाची खरी कसोटी. संग्रहात 'ब्रेड' या शब्दाखाली भरपूर गोष्टी होत्या. मी एक घेतली, रात्रभर फुगत ठेवलेल्या पिठाची, आणि मराठीत करताना ब्रेडच्या जागी भाकरी घातली. घरी वाचून दाखवली तर बायको म्हणाली, "भाकरीचं पीठ कोणी रात्री मळून ठेवतं का?" आणि तिने तिथेच दाखवलं. पीठ एका भाकरीपुरतं घ्यायचं, गरम पाण्याने मळायचं, लगेच थापायची, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. मळून ठेवलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरते. त्या रविवारी जुन्या करारातलं वाचन निर्गम सोळा होतं, मान्नाचं, म्हणजे रानात इस्राएलांना देवाने रोज दिलेल्या अन्नाचं. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्या मान्नात किडे पडले, ज्याचं त्याने रोज सकाळी गोळा करायचं. रोजची भाकर आज मागायची, असं प्रभूने शिकवलं ते का, हे मला परातीसमोर उभं राहून कळलं. पावाच्या गोष्टीत हे येणंच शक्य नव्हतं. पाव आणून ठेवता येतो.

कोणी म्हणेल, बाहेरचं सगळंच टाकायचं का? तसं नाही. इथे मला फादर स्टीफन्स आठवतात. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा येशूसंघी (जेसुइट) धर्मगुरू गोव्यात येऊन मराठी शिकला आणि १६१६ साली त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, ओव्यांमध्ये. मराठीची थोरवी सांगताना त्याने फुलांमधली मोगरी घेतली, सुगंधांमधली कस्तुरी घेतली. गुलाब त्याच्या मायदेशातला होता, तरी ऐकणाऱ्यांच्या परसात काय फुलतं हे त्याने पाहिलं. चारशे वर्षांपूर्वी परदेशी माणसाला हे जमलं, तर कसबा-कॅम्प-हडपसरात वाढलेल्या आपल्याला जमायला हरकत नसावी.

वहीची पद्धत साधी आहे, फक्त एक पथ्य पाळावं लागतं: नोंद करताना अर्थ लिहायचा नाही. वेळ, जागा, काय दिसलं, एवढंच. अर्थ लगेच लिहिला की ती गोष्ट त्याच अर्थाला चिकटते आणि दुसऱ्या कुठल्याच वचनाला उपयोगी पडत नाही. समास कोरा ठेवायचा. वचन येईल तेव्हा तिथे लिहायचं, आणि खाली कुठे, कोणत्या तारखेला सांगितलं तेही. वाचनं तीन वर्षांनी परत येतात, आणि लोकांना दाखला उपदेशापेक्षा जास्त लक्षात राहतो.

माझी एक नोंद चौदा महिने कोरी पडून होती. मजूर अड्ड्यावरून जाताना लिहिलेली: "सव्वाअकरा. सात-आठ जण उरलेत. एकाने डबा उघडला." एवढीच. अड्डा सकाळी सातला गच्च भरतो, मुकादम येतात, टेम्पो येतात, माणसं निवडून नेतात. सव्वाअकराला उरलेल्यांपैकी एक जण पायरीवर बसून डबा खात होता. जेवायची वेळ झाली नव्हती. कामावर दुपारी खायचा म्हणून बायकोने पहाटे दिलेला डबा तिथेच उघडला, म्हणजे आजचा रोज गेला हे त्याने मान्य केलं होतं. मग अ वर्षात मत्तय वीस आला, द्राक्षमळ्यातले मजूर, ज्यात सकाळपासून राबलेल्याला आणि शेवटी आलेल्याला मालक सारखीच मजुरी देतो. अकराव्या तासाला, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास, मालक उरलेल्यांना विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. संग्रहांमध्ये या वचनाखाली मला ऑफिसातल्या बोनसच्या गोष्टी मिळाल्या होत्या, उशिरा आलेल्यालाही तेवढाच बोनस वगैरे. त्या ऐकून आपण पहिल्या मजुराच्या बाजूने विचार करायला लागतो. डबा सांगितल्यावर मंडळी शेवटच्याच्या शेजारी जाऊन बसली. आमच्यात बिगारी काम केलेली माणसं आहेत. एक काका नंतर हात धरून नुसते उभे राहिले, काही बोलले नाहीत.

वहीत अडचणी आहेत, आणि त्या मी लपवणार नाही. पहिली म्हणजे माणसं ओळखू येतात. एकदा मी नाव न घेता एका मुलाच्या नोकरीची गोष्ट सांगितली आणि त्याची आई त्या दिवशी चहाला थांबली नाही. मी घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून ज्याची गोष्ट त्याला आधी विचारल्याशिवाय सांगत नाही. हंड्याच्या वहिनींनाही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यात सांगण्यासारखं काय आहे?" दुःखाच्या गोष्टींना तर दुप्पट जपावं. वाळूवर बांधलेल्या घराचं वचन आलं की पुण्यातल्या माणसाला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आठवणारच. पण तुमच्यासमोर बसलेल्यांत कोणाचं घर त्यात गेलं असेल, २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुराने कोणाचं माणूस नेलं असेल. तिथे मी पूर सांगत नाही, नंतर घराघरांतून चिखल काढायला आलेले हात सांगतो.

दुसरी अडचण, वही आपल्याच डोळ्यांपुरती राहते. पुरुषाच्या वहीत रस्ता येतो, स्वयंपाकघर येत नाही. म्हणून मी घरात विचारतो. मत्तय तेरामधल्या, पीठ फुगवणाऱ्या खमिराच्या वचनासाठी आईने मला विरजणाचा दाखला दिला. डिसेंबरात पुण्याच्या थंडीत दही लागत नाही म्हणून ती भांडं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची आणि आम्हाला सांगायची, सारखं उघडून बघू नका, हलवू नका. मूळ ग्रीकमध्ये त्या वचनातल्या बाईने खमीर पिठात 'लपवलं' असाच शब्द आहे. मी तो शब्द आधी वाचला होता, पण त्याचं वजन मला तांदळाच्या डब्यामुळे कळलं.

तिसरी, वही कधीकधी रिकामी असते. अशा वेळी मी आजही पुस्तकांकडे जातो, पण आधी आपल्या गावच्या. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून मागे सरला, हे गलतीकरांतलं वचन घ्यायचं तर १८९० सालचा पंचहौद मिशनमधला चहा पुण्यात कोणालाही समजतो. मिशनऱ्यांकडच्या त्या चहापायी न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यापर्यंत प्रायश्चित्ताची वेळ आली होती. एका कपाने माणसं जवळ येतात किंवा दूर जातात, हे सांगायला परदेशातलं जेवणाचं टेबल आणावं लागत नाही. त्यानेही भागलं नाही तर इंग्रजी संग्रह उघडतो आणि एकच कसोटी लावतो: ही गोष्ट सांगण्याआधी मला किती वाक्यं समजवावी लागतील? दोनपेक्षा जास्त लागणार असतील तर राहू देतो, मग ती कितीही सुंदर असो.

त्या दोन तरुणांना मी दोन्ही गोष्टी दिल्या. माझ्याकडचा एक संग्रह आणि शंभर पानी वही. एकाने संग्रहातूनच पहिला उपदेश केला आणि चांगला केला. दुसऱ्याने परवा मला वहीतली पहिली नोंद दाखवली: "मंडई. बाईंनी दहा लिंबं मोजून दिली, एक वर टाकलं. गिऱ्हाईक गेल्यावर अकरावं खाली पडलेलं दिसलं. उचलून पाटीत टाकलं नाही, बाजूला ठेवलं." मला लूक ६:३८ आठवलं, 'द्या म्हणजे तुम्हाला दिलं जाईल', पण मी काही बोललो नाही. समास कोरा होता, तो तसाच ठेव म्हणालो.